एनएफएल २०२४ : चार आठवडे झाले, तुमच्या मते सध्या सगळ्यात ताकदवान कोण?

उत्तरध्रुव · १ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी,

काल रात्री लायन्स-सीहॉक्स सामना संपला आणि एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, मोसमाचा चौथा आठवडा आटोपला. ३२ संघांपैकी आता दोघांचाच पराभवाचा रकाना कोरा आहे : कॅन्सस सिटी चीफ्स आणि आमचे मिनेसोटा वायकिंग्ज. पहिल्या आठवड्यानंतर लावलेली क्रमवारी म्हणजे निव्वळ अंदाजपंचे असते. चार सामन्यांनंतर हाती काहीतरी लागतं, म्हणून आज धागा काढतोय.

माझं म्हणणं असं, की नुसते विजय मोजू नका. कोणाला हरवलं आणि किती फरकाने हरवलं, ते बघा. चीफ्सचे चार विजय ७, १, ५ आणि ७ गुणांचे आहेत. चार सामन्यांत मिळून २० ची आघाडी. वायकिंग्जचे २२, ६, २७ आणि २, म्हणजे ५७. त्यातही आम्ही गेल्या सुपर बोलमधल्या (म्हणजे अंतिम सामन्यातल्या) फोर्टीनाइनर्सना हरवलंय, ह्यूस्टनला ३४-७ ने धुतलंय आणि थेट त्यांच्या घरच्या लॅम्बो फील्डवर जाऊन पॅकर्सना. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, सॅम डार्नल्ड याचे ११ टचडाउन पास (थेट सहा गुण देणारे) झालेत. मे महिन्यात हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणी प्यायला दिलं असतं.

म्हणून माझ्या यादीत पहिले वायकिंग्ज, मग चीफ्स, डेट्रॉइटचे लायन्स, बाल्टिमोरचे रेव्हन्स, बफेलोचे बिल्स, वॉशिंग्टनचे कमांडर्स. फिलाडेल्फियाचे ईगल्स अकरावे.

पहिल्या जागी आपल्याच संघाचं नाव लिहिताना हात थरथरतो, हेही सांगतो. मी २००८ पासून मिनियापोलिसात आहे. १९९८ चा मोसम ऑफिसातल्या जुन्या लोकांकडून ऐकलाय : १५ विजय, १ पराभव, वर्षभर एकही किक न चुकलेला गॅरी अँडरसन, आणि सुपर बोलच्या उंबरठ्यावर नेमकी तीच एक चुकलेली. बाकीचं सगळं स्वतः पाहिलंय. न्यू ऑर्लीन्समध्ये फार्वचा समोरच्यांनी पकडलेला तो पास, ब्लेअर वॉल्शची चुकलेली २७ यार्डांची किक, २०२२ चे तेरा विजय आणि मग पहिल्याच बाद सामन्यात जायंट्सकडून हार. तरीही यंदा लिहितोय. तुमच्या याद्या येऊ द्या.

कॅन्ससकर · १ ऑक्टोबर

गुणफरकाचा हिशोब मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. गेल्या वर्षी नाताळच्या दिवशी आम्ही घरच्या मैदानावर रेडर्सकडून हरलो होतो. तेव्हाच्या सगळ्या क्रमवाऱ्यांत आम्हाला खाली ढकललं होतं. फेब्रुवारीत करंडक कोणाकडे होता? त्याच्या आदल्या वर्षीही आमच्याकडेच. शेवटच्या दोन मिनिटांत सामना काढणं ही सवय आहे आणि ती सरावाने लागते. चीफ्स पहिले. बाकीच्यांनी दुसऱ्या क्रमांकापासून भांडावं.

चीजकट्टा · १ ऑक्टोबर

@उत्तरध्रुव, लॅम्बोवर जिंकलात हे खरं. पण २८-० वरून ३१-२९ झालं, तेवढं मात्र लिहायचं राहून गेलं. आमचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह गुडघ्याच्या दुखापतीनंतर पहिलाच सामना खेळत होता, चार टचडाउन पास देऊन गेला. अजून पाच मिनिटं असती तर तुमचा रकाना कोरा राहिला नसता.

उत्तरध्रुव · १ ऑक्टोबर

चीजकट्टा, फरक २ चा होता हे मी वर लिहिलंय :) आणि लव्हचे तीन पास आमच्याच लोकांनी पकडले, तेही धरा. आमचा बचावाचा प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस, त्याचा डिफेन्स समोरच्याला कळूच देत नाही कोण येणार आणि कोण मागे राहणार.

नवीनच · १ ऑक्टोबर

एक बाळबोध प्रश्न. मी जूनमध्ये ओहायोत आले. गुणतालिका असताना ही वेगळी क्रमवारी कशाला? आयपीएलमध्ये तर पॉइंट टेबल बघितलं की संपलं.

सायली_डीसी · १ ऑक्टोबर

@नवीनच, बाळबोध नाही, हाच मूळ प्रश्न आहे. आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी कधी ना कधी गाठ पडतेच. इथे ३२ संघ आणि सामने फक्त १७. त्यातले सहा आपल्याच गटातल्या तिघांशी, प्रत्येकाशी दोनदा. म्हणजे वर्षभरात एका संघाची गाठ फक्त १४ वेगवेगळ्या संघांशी पडते. उरलेल्या १७ संघांशी सामना होतच नाही. शिवाय गट दुबळा असला की विजय स्वस्तात मिळतात. त्यामुळे ३-१ आणि ३-१ यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तो फरक डोळ्यांनी बघून सांगायचा प्रयत्न म्हणजे ही क्रमवारी. तिच्यावर कोणाला बाद फेरीत जागा मिळत नाही, पण वाद मात्र हिच्यावरच होतात.

आता माझं. कमांडर्सना सहावं ठेवल्याबद्दल धन्यवाद, पण मी चौथं ठेवेन. आमचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स पहिल्याच वर्षाचा मुलगा आहे आणि चार सामन्यांत त्याचे शंभरातले ऐंशीहून जास्त पास हातात पडलेत. सिनसिनाटीत २३ पैकी २१! गेल्या वर्षी आम्ही १७ पैकी ४ जिंकलो होतो. माझ्या शेजारचे आजोबा १९९१ च्या मोसमानंतरच्या करंडकाची गोष्ट सांगतात, तेव्हाचा टी-शर्ट अजून जपलाय त्यांनी. परवा ॲरिझोनाचा सामना ४२-१४ झाल्यावर ते कुंपणापाशी येऊन नुसते उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. मला तो क्षण विसरता येत नाही.

मोटारनगरी · १ ऑक्टोबर

कालचा सामना मी स्टेडियममध्ये पाहिला. आमच्या लायन्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ १८ पैकी १८. एकही पास खाली नाही, आणि एका सामन्यात इतके पास एकही न चुकता देणारा आजवर कोणी झालेला नाही. वर सेंट ब्राउनने फेकलेला टचडाउन पास गॉफने स्वतः झेलला. सगळं स्टेडियम त्याच्या नावाचा जयघोष करत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : २००८ मध्ये आम्ही सोळाच्या सोळा सामने हरलो होतो. १९५७ च्या विजेतेपदानंतर यंदाच्या जानेवारीपर्यंत बाद फेरीत एकच विजय होता. मग दोन मिळाले, आणि तिसऱ्यात मध्यंतराला २४-७ पुढे असताना हरलो. हा संघ ती जखम घेऊन खेळतोय. लायन्स पहिले. आकडे नंतर बघू.

निशाचर_पुणे · २ ऑक्टोबर

पुण्यातून हजेरी. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, दुसरे पावणेदोनच्या सुमाराला आणि रात्रीचा सामना सोमवारी पहाटे सहाला दहा कमी असताना. पहिले बघतो, दुसऱ्यात झोप लागते, तिसऱ्याला दूधवाला उठवतो. येत्या रविवारी वायकिंग्ज-जेट्स लंडनला आहे, म्हणजे संध्याकाळी सात! वर्षातून मोजक्याच वेळा हे सुख लाभतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवलंय.

माझ्या मते रेव्हन्स पहिले. दोन हरलेत, कबूल. पण पहिला पराभव चीफ्सकडून, तोही शेवटच्या चेंडूवर पास झेलणाऱ्या लाइकलीच्या बुटाचं टोक बाहेरच्या रेषेवर पडल्यामुळे. आणि परवा बिल्सविरुद्ध डेरिक हेन्रीने पहिल्याच चेंडूला ८७ यार्ड पळून टचडाउन केलं. तीन विजय घेऊन आलेल्या संघाला ३५-१० ने लोळवलं.

बर्फातलाबफेलो · २ ऑक्टोबर

त्या ८७ यार्डांबद्दल या धाग्यावर पुन्हा कोणी लिहू नये ही नम्र विनंती. मी चहा घेऊन बसेपर्यंत झालं होतं.

तालमीतला · २ ऑक्टोबर

सगळे प्रतिसाद वाचले. वाद सगळा चेंडू कोणाच्या हातात आहे त्यावर चाललाय. मी वेगळ्या बाजूने बोलतो.

मी कोल्हापूरचा, आता साउथ जर्सीत. वडील आयुष्यभर तालमीत. गेल्या वर्षी ते तीन महिने इथे होते. पहिल्याच रविवारी ईगल्सचा सामना लावला. त्यांना नियम कळत नव्हते आणि विचारलेही नाहीत. दहा मिनिटांनी म्हणाले, "तो ६८ नंबरचा गडी कोण?" मी म्हटलं, जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियाचा, आधी रग्बी खेळायचा. म्हणाले, "चेंडूवाल्याकडे बघू नकोस. ह्याचे पाय बघ. समोरचा रेटा देतोय आणि ह्याची बैठक मोडत नाही. ज्याची बैठक मोडत नाही त्याला चीत कोण करणार?" त्या दिवसापासून मी सामना तसाच बघतो. दोन्हीकडच्या आघाडीच्या फळीत दर चेंडूला पाच-पाच कुस्त्या लागतात. त्या कोण जिंकतंय ते बघितलं की गुणफलक बघावा लागत नाही.

आता ईगल्स अकरावे का, याबद्दल. टॅम्पात ३३-१६ हरलो, पण त्या दिवशी लेन जॉन्सन नव्हता, ए. जे. ब्राउन नव्हता, डेव्हॉन्टा स्मिथही नव्हता. अटलांटाविरुद्ध एका गुणाने हरलो, शेवटच्या दोन मिनिटांत बार्कलीच्या हातून पास सुटला म्हणून. जिंकलेला सामना बघा. सेंट्सनी आधीच्या दोन सामन्यांत ४७ आणि ४४ गुण केले होते. त्यांच्याच सुपरडोममध्ये आम्ही त्यांना १२ वर रोखलं. फँजिओ यंदाच डिफेन्सचा प्रशिक्षक म्हणून आलाय, पोरं तरुण आहेत, बसायला वेळ लागेल. पण मधे जॅलन कार्टर उभा आहे आणि त्याला एकट्याने कोणी अडवू शकत नाही. ऑक्टोबरमधल्या क्रमवारीत जे मैदानावर नव्हते त्यांचाही हिशोब धरायला हवा. ईगल्स तिसरे.

कॅन्ससकर · २ ऑक्टोबर

दोन जिंकून दोन हरलेला संघ तिसरा? तालमीतले, वडिलांना नमस्कार सांगा, पण हे फार झालं. दुखापती सगळ्यांनाच आहेत. आमचा पचेको पाय मोडून बसलाय, राइसचा गुडघा रविवारी गेला, ब्राउन तर आधीच नाही. तरी ४-०.

सायली_डीसी · २ ऑक्टोबर

ईगल्स आमच्याच गटात असल्यामुळे मला ते अकरावेच बरे वाटतात :) पण फळीचा मुद्दा पटला. कालपासून जुने सामने काढून फक्त फळी बघतेय. अवघड आहे, नजर आपोआप चेंडूमागे जाते.

नवीनच · २ ऑक्टोबर

मीही प्रयत्न केला. नवऱ्याला म्हटलं, चेंडू सोड, पाय बघ. तो माझ्याकडेच बघत राहिला. पण खरंच, क्वार्टरबॅकला वेळ का मिळतो आणि का मिळत नाही, ते आज पहिल्यांदा कळलं. तालमीतले, आणखी लिहा.

तालमीतला · ३ ऑक्टोबर

@नवीनच, एकच खूण सांगतो. चेंडू सुटल्यावर दोन-अडीच सेकंदांनी क्वार्टरबॅकच्या पुढ्यात मोकळी जागा आहे का, ते बघा. बाजूने कोणी आला तर तो एक पाऊल पुढे सरकून वाचतो. मधूनच रेटा आला तर पुढे सरकायला जागा उरत नाही. म्हणून मधल्या तिघांची कुस्ती सगळ्यात महत्त्वाची. आणि डिफेन्सकडून जास्तीची माणसं न पाठवता चौघांनीच हे साधलं, तर मागे सात जण मोकळे राहतात. असा संघ दिसला की त्याला वर ठेवायचं, आकडे काहीही असोत.

@कॅन्ससकर, नमस्कार पोचवला. म्हणाले, "लाल कपड्यांतला तो ९५ नंबरही चांगला आहे." ख्रिस जोन्सबद्दल बोलत होते.

कॅन्ससकर · ३ ऑक्टोबर

आता मला तुमचे वडील आवडायला लागले.

मेघना_लंडन · ६ ऑक्टोबर

आत्ताच टॉटनमच्या स्टेडियममधून परतले. वायकिंग्ज २३-१७! आमच्या व्हॅन गिंकेलने जेट्सच्या रॉजर्सचा पास मधेच पकडून ६३ यार्ड पळवला तेव्हा आम्ही बरोबर त्या बाजूला होतो. शेवटच्या मिनिटात जेट्स पुढे सरकत आले होते, गिलमोरने पास पकडला आणि सुटलो. जांभळे कपडे आणि शिंगांची शिरस्त्राणं घातलेली इतकी माणसं लंडनच्या भुयारी रेल्वेत पहिल्यांदाच पाहिली.

काळजीची गोष्ट एकच. डार्नल्डला आज फारसं काही जमलं नाही, आणि ॲरन जोन्स कंबर धरून बाहेर गेला.

उत्तरध्रुव · ६ ऑक्टोबर

इथे सकाळी साडेआठला सामना सुरू झाला. नवरात्र चालू, घरात घट बसलेले, त्यामुळे साबुदाणा वडे आणि दाण्याची चटणी. सहा घरची माणसं जमली होती. आमच्याकडच्या गोऱ्या शेजाऱ्याने अकरा वडे खाल्ले आणि पुढच्या सामन्याला हेच करा म्हणाला.

आता ५-०. मेघना, तुमची काळजी माझीही आहे. तालमीतल्यांचं वाचल्यापासून मी आमची मधली फळी बघतोय आणि जे दिसतंय ते फारसं आवडत नाहीये. क्रमवारी मात्र बदलत नाही.

निशाचर_पुणे · ७ ऑक्टोबर

रेव्हन्स ४१-३८, जादा वेळेत! आणि बिल्स ह्यूस्टनमध्ये ५९ यार्डांच्या किकवर हरले. मी काल रात्रभर जागा होतो. आता ऑफिसात आहे आणि अक्षरं दोन-दोन दिसतायत.

मोटारनगरी · १४ ऑक्टोबर

धाग्यावर आनंदाने यायला हवं होतं, डॅलसला ४७-९ हरवलंय. पण हचिन्सनचा पाय मोडला. टीव्हीवर पुन्हा दाखवलंच नाही, इतकं वाईट होतं. आमच्या डिफेन्सचा कणा होता तो. तालमीतले, तुमचा "मैदानावर नसलेल्यांचा हिशोब" आता आम्हालाही करावा लागणार.

चीजकट्टा · ३० डिसेंबर

धागा वर काढतोय. काल पुन्हा दोनच गुणांनी, २७-२५. @उत्तरध्रुव, १४-२ झालात, मनापासून अभिनंदन. ऑक्टोबरमध्ये तुमच्या यादीवर टीका करणाऱ्यांत मी पुढे होतो, तेव्हा सांगणं माझं कर्तव्य आहे.

उत्तरध्रुव · ३० डिसेंबर

धन्यवाद भाऊ. पण आता डेट्रॉइटला जायचंय. जो जिंकेल तो पूर्ण कॉन्फरन्समध्ये (लीगच्या आपल्या अर्ध्या भागात) पहिला, हरेल तो पाचवा. चौदा विजय मिळवूनही पाचवा.

सायली_डीसी · १९ जानेवारी २०२५

डेट्रॉइटमध्ये ४५-३१!!! ऑक्टोबरमध्ये मी चौथं म्हटलं होतं, आज आम्ही शेवटच्या चारांत. मोटारनगरी, तुमच्यासाठी खरंच वाईट वाटतंय. १५ विजयांचा संघ होता तो. शेजारच्या आजोबांनी आज तो जुना टी-शर्ट बाहेर काढला.

मोटारनगरी · १९ जानेवारी

अभिनंदन, सायली. डॅनियल्स फार मोठा खेळाडू होणार. मी दोन दिवस इथे येणार नाही.

नवीनच · १० फेब्रुवारी

सुपर बोलमध्ये ईगल्स ४०, चीफ्स २२. तोही न्यू ऑर्लीन्सच्या त्याच सुपरडोममध्ये! तालमीतले कुठे आहात? मध्यंतराला २४-० होतं आणि मी फक्त फळी बघत होते. चीफ्सच्या क्वार्टरबॅक महोम्सला पुढे सरकायला जागाच नव्हती. सहा वेळा पाडला त्याला.

कॅन्ससकर · १० फेब्रुवारी

सलग तिसरा सुपर बोल करंडक आजवर कोणी जिंकलेला नाही, आम्हालाही जमलं नाही. २-२ वाला संघ तिसरा कसा, असं मी विचारलं होतं. त्यानंतरच्या तेरा सामन्यांत ते एकदाच हरले, आणि शेवटी आम्हाला हरवलं. उत्तर मिळालं. तालमीतले, अभिनंदन.

तालमीतला · १० फेब्रुवारी

क्षमस्व, घसा बसलाय आणि झोप झालेली नाही. सगळ्यांचे आभार. चौघांनीच केलं सगळं, पाचवा माणूस पाठवावा लागला नाही. वडील कोल्हापुरात पहाटे पाचला उठून बसले होते. मध्यंतराला फोन आला. अभिनंदन वगैरे नाही, पहिला प्रश्न, "६८ नंबरला कुठे लागलं नाही ना?"

उत्तरध्रुव · १० फेब्रुवारी

तालमीतले, मनापासून अभिनंदन. माझ्या यादीत तुम्ही अकरावे होतात.

आमचं सांगतो. डेट्रॉइटमध्ये ३१-९ हरलो, मग ॲरिझोनात रॅम्सकडून २७-९. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे सामना तिकडे हलवला होता. डार्नल्डला नऊ वेळा पाडलं. नऊ! डावीकडचा डॅरिसॉ ऑक्टोबरमध्येच गुडघा दुखावून बाहेर गेला होता, पण तेवढंच कारण नव्हतं. सामना संपल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तो बिचारा उठून उभा राहायच्या आत परत खाली." इथले लोक डार्नल्डला दोष देतायत. मला तो पटत नाही. ज्या माणसाने वर्षभर एवढा आनंद दिला, त्याला पुढे एक पाऊल टाकायची जागा कोणी दिली नाही.

तुमच्या वडिलांना एकदा तो रॅम्सचा सामना दाखवाल का? मला त्यांचं मत हवंय.

तालमीतला · १६ फेब्रुवारी

दाखवला. दोनदा बघितला त्यांनी. म्हणाले, "गडी वाईट नाहीत, पण मधल्या तिघांची कंबर लवकर वर येते. तिघेही बदला." एवढंच.

उत्तरध्रुव · २५ एप्रिल

मंडळी, मार्चमध्ये कोल्ट्सकडून रायन केली आणि विल फ्राइज आले, काल रात्री ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) २४ व्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा डोनोव्हन जॅक्सन घेतला. सेंटर आणि दोन्ही गार्ड. मधले तिघेही नवीन.

तालमीतले, वडिलांना आजच फोन करा.